हिवाळाभर झाकून ठेवलेली मियाटा: इंजिन घेतं आणि लगेच बंद पडतं

उत्तरवारा | शनिवार, १२ एप्रिल, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आज दिवसभर गॅरेजमध्ये घालवून हात टेकले आहेत, म्हणून धागा काढतोय.

गाडी माझदा मियाटा, १९९२ चं मॉडेल, १.६ लिटर, पाच गिअर. राहायला अमेरिकेत, मिनिआपोलिसच्या पश्चिमेला. इथे नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर मीठ टाकतात आणि जुन्या गाडीचा पत्रा त्या मिठाने दोन-तीन हिवाळ्यांत खलास होतो. म्हणून दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती गॅरेजच्या मागच्या भिंतीला लावून झाकतो आणि मीठ पावसाने धुऊन निघालं की बाहेर काढतो. नऊ वर्षं हे चालू आहे, कधी अडलं नाही.

ठेवताना नेहमीचं सगळं केलं होतं. टाकी गळ्यापर्यंत भरली, पेट्रोल टिकवायचं औषध घातलं, ते इंजिनपर्यंत पोचावं म्हणून गाडी वीस मिनिटं फिरवली, ऑइल बदललं, चाकांत हवा थोडी जास्त भरली. हँडब्रेक ओढला नाही, चाकांना लाकडी ठोकळे लावले. बॅटरीला छोटा चार्जर लावून ठेवला.

आज कव्हर काढलं, किल्ली फिरवली, तर काहीच नाही. साधा डॅशबोर्डचा दिवासुद्धा नाही. बघतो तर गॅरेजमधलं सॉकेट कधीतरी ट्रिप झालेलं. म्हणजे चार्जर किती महिने मुका होता, देव जाणे. बॅटरी ३.८ व्होल्ट. इतक्या खाली गेलेली बॅटरी तो चार्जर ओळखतसुद्धा नाही. नवी आणली. या गाडीची बॅटरी डिकीत उजव्या कोपऱ्यात असते, त्यामुळे तिला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळ्या लागतात. तशीच एजीएम (सीलबंद प्रकारची) घेतली आणि नळ्या नीट जोडल्या.

आता सेल जोरात मारते. इंजिन घेतं, एक क्षण चालतं आणि मरतं. पुन्हा सेल मारला की पुन्हा घेतं, पुन्हा मरतं. पंधरा वेळा तरी झालं असेल. मग पेट्रोलचा वास यायला लागला म्हणून थांबलो.

शेजारी म्हणतो फ्युएल पंप गेला. ऑफिसातला मित्र म्हणतो इंजेक्टर चोंदले. दोन्ही मिळून साधारण ४०० डॉलरचं सामान मागवायच्या बेतात आहे. त्याआधी इथे विचारावंसं वाटलं. लेक यंदा पंधरा पूर्ण झाली, शिकाऊ परमिट मिळालंय, आणि क्लचची गाडी याच गाडीवर शिकायची असं तिने हिवाळाभर ठरवून ठेवलंय.

---

टॉर्करेंच | रविवार, १३ एप्रिल, सकाळी ७:०५

उत्तरवारा, सामान मागवू नका. पुण्यात गॅरेज चालवून मला बावीस वर्षं झाली. सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते तपासायच्या आधी बदललेल्या भागांवर.

आधी सेल मारणं थांबवा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नको आणि मध्ये मिनिटभर तरी स्टार्टरला विसावा द्या. पंधरा वेळा मारलाय म्हणजे प्लग ओले असणार. ते काढून पुसून वाळवा. डिपस्टिकचा वासही घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास असेल तर गाडी सुरू झाल्यावर ऑइल पुन्हा बदला, पातळ झालेल्या ऑइलवर पळवू नका.

मग मला एवढं सांगा:

नुसती बॅटरी किती व्होल्ट आणि सेल मारताना किती? सेल मारताना आरपीएमचा काटा हलतो का? प्लगला ठिणगी आहे का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. ती नेमकी कधी मरते? किल्ली धरून ठेवलेली असताना, की किल्ली सोडल्यावर?

---

नेकारकाठ | रविवार, १३ एप्रिल, दुपारी १२:३०

मी जर्मनीत श्टुटगार्टला असते. आमच्याकडे हंगामी नंबरप्लेट मिळते. प्लेटच्या उजव्या टोकाला दोन महिने छापलेले असतात, माझ्या प्लेटवर ०४ आणि १०. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर गाडी रस्त्यावर, बाकीचे महिने खाजगी जागेतच. कर आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. त्यामुळे ३१ ऑक्टोबरला झाकलेल्या गाड्या १ एप्रिलला एकदम बाहेर येतात आणि अर्ध्या गल्लीत बॉनेट उघडी दिसतात.

दोन वर्षांपूर्वी माझंही असंच झालं होतं आणि दोष पेट्रोलचा निघाला. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा धरतं. ओलावा फार झाला की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप तर तळातूनच ओढतो. मी टाकी अर्धी ठेवली होती, तिथे चुकलं. तुम्ही कुठलं पेट्रोल भरलं होतं? जमलं तर थोडं काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा. दोन थर दिसले की समजा.

---

सह्यकडा | रविवार, १३ एप्रिल, दुपारी १:१५

चावीतली चिप ओळखली नाही तर गाडी अशीच एक क्षण चालून बंद होते. माझ्या गाडीचं झालं होतं. दुसरी चावी लावून पाहा.

---

उत्तरवारा | रविवार, १३ एप्रिल, रात्री ८:२०

सगळ्यांचे आभार. एकेक सांगतो.

सह्यकडा, १९९२ च्या या गाडीच्या चावीत चिप नसते. साधी लोखंडी चावी आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही.

नेकारकाठ, आमच्या मिनेसोटा राज्यात पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतंच. पण जुन्या संग्राह्य गाड्या, बोटी, बर्फावरच्या स्कूटर आणि गवत कापायची यंत्रं यांच्यासाठी इथेनॉल नसलेलं ९१ ऑक्टेनचं पेट्रोल काही पंपांवर वेगळ्या नळीला मिळतं. मी तेच भरतो. तरी तुमच्या सांगण्यावरून बरणीत काढून पाहिलं. एकच थर आहे, स्वच्छ आहे, वासही ताजा आहे.

टॉर्करेंच, बॅटरी १२.७, सेल मारताना १०.३. काटा हलतो, दोनशेच्या आसपास थरथरतो. प्लग काढले तर चारही ओले आणि काळे. पुसले, दिवसभर वाळवले. टेस्टर लावून पाहिला, ठिणगी चारही वायरींना निळी आणि नियमित आहे. मोठे फ्यूज शाबूत. डिकीतली आणि इंजिनवरची अर्थिंग घासून पुन्हा घट्ट केली.

किल्लीचं मात्र मी नीट पाहिलं नव्हतं. मी सेल मारताना पूर्ण लक्ष आवाजाकडे देत होतो. लेक शेजारच्या सीटवर बसून फोनवर चित्रण करत होती. तुमचा प्रश्न तिला वाचून दाखवला तेव्हा ती लगेच म्हणाली, "बाबा, किल्ली सोडली की मरते. धरलेली असते तोवर चालते." व्हिडिओ तीनदा पाहिला. तिचं शंभर टक्के बरोबर आहे. हात मागे आला की अर्ध्या सेकंदात काटा शून्यावर.

---

टॉर्करेंच | सोमवार, १४ एप्रिल, सकाळी ६:५०

शाब्बास पोरी. निम्मं काम तिने केलं.

ठिणगी आहे, बॅटरी आहे, काटा हलतोय, म्हणजे इंजिनाचं फिरणं ओळखणारा मागचा सेन्सरही जिवंत आहे. किल्ली धरली की चालते याचा अर्थ तेवढा वेळ पेट्रोल पोचतंय. आता पंप स्वतः ठीक आहे का ते बघा. बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूला एक काळी चौकोनी डबी असेल, झाकणावर डायग्नोसिस लिहिलेलं. झाकणाच्या आत प्रत्येक खाचेचं नाव छापलेलं असतं. एफ-पी (फ्युएल पंप) आणि जीएनडी (अर्थिंग) या दोन खाचा एका वायरच्या तुकड्याने जोडा, किल्ली नुसती ऑनवर आणा आणि मागे पेट्रोलच्या तोंडाशी कान लावा. पंप गुणगुणला पाहिजे. त्याच डबीत बी-प्लस नावाची खाच आहे, तिला चुकूनही हात लावू नका, तिथे थेट बॅटरी आहे.

गॅरेजचं दार पूर्ण उघडं ठेवा आणि अग्निशामक हाताशी असू दे. पेट्रोलचा वास असेल तर तो जाईपर्यंत थांबा. हे मी सगळ्यांना सांगतो आणि दर वेळी सांगतो, कारण एकदा माझ्यासमोर पेटलेलं मी पाहिलंय.

---

सुट्टीभाग | सोमवार, १४ एप्रिल, सकाळी १०:१०

मधेच विचारतो, रागावू नका. ही मियाटा म्हणजे नेमकी कुठली गाडी? आपल्याकडे कधी पाहिली नाही.

---

उत्तरवारा | सोमवार, १४ एप्रिल, संध्याकाळी ७:४५

रागवायचं काय त्यात. भारतात ती कंपनीने कधी विकली नाही म्हणून पाहण्यात नसेल. दोन माणसांची, कापडी छताची, मागची चाकं ओढणारी छोटी स्पोर्ट्स कार. १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा आली. पहिल्या पिढीचे हेडलाइट झोपलेले असतात आणि बटण दाबलं की डोळे उघडल्यासारखे वर येतात. ताकद ११६ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या हिशेबाने फार नाही. पण वजन टनाच्या आसपासच आहे, त्यामुळे साठच्या वेगातसुद्धा प्रत्येक वळण हाताला कळतं. मी ती वापरलेली घेतली, तेव्हा लेक सहा वर्षांची होती.

आता काम. टॉर्करेंच, तुम्ही सांगितल्याप्रमाणे जोडलं. किल्ली ऑन केल्याबरोबर मागून गुणगुण ऐकू आली, एकसारखी, न अडखळता. म्हणजे पंप ठीक. शेजाऱ्याच्या सल्ल्याने मागवला असता तर पैसे पाण्यात.

पण मग पंप ठीक, ठिणगी ठीक, पेट्रोल ठीक, आणि गाडी बंद. इथे मी अडकलोय.

---

बोल्टवाली | सोमवार, १४ एप्रिल, रात्री १०:३०

धागा आत्ता पाहिला. मी डेट्रॉइटजवळ इंजिनांच्या कॅलिब्रेशनचं काम करते. पहिली नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे हीच १.६ होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या गाडीत पंपाला वीज देणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) दोन वेगवेगळ्या हुकमांवर चालतो. पहिला हुकूम स्टार्टरकडून. किल्ली स्टार्टवर धरली आहे तोवर रिले जुळलेला राहतो आणि पंप चालतो, बाकी कशाचीही अट नाही. दुसरा हुकूम हवेच्या मीटरकडून. एअर फिल्टरच्या डब्याला लागून अॅल्युमिनियमचा एक चौकोनी भाग दिसेल. त्यात स्प्रिंगवर दाबलेली एक झडप असते. इंजिन हवा ओढायला लागलं की झडप ढकलली जाते, आणि ती जराशी उघडली की आतला एक छोटा स्विच जुळतो. किल्ली सोडल्यावर पंप फक्त या स्विचच्या जिवावर चालतो.

असं का केलंय तेही सांगते, कारण ते मला फार आवडतं. अपघातात इंजिन बंद पडलं पण किल्ली ऑनच राहिली, तर पंप फुटलेल्या नळीतून पेट्रोल फवारत राहू नये. इंजिन थांबलं की हवा थांबते, हवा थांबली की झडप मिटते, झडप मिटली की पंप बंद. त्या काळात कॉम्प्युटरवर न सोपवता एका पत्र्याच्या झडपेने हे काम केलंय.

आता तुमची लक्षणं याच्यावर ठेवून बघा. किल्ली धरली की पंप स्टार्टरच्या हुकमावर चालतो, इंजिन घेतं. सेल मारताना पेट्रोल किती सोडायचं हे प्रामुख्याने इंजिनाच्या तापमानावर ठरतं, झडपेवर नाही, म्हणून तेवढं नीट पेटतं. किल्ली सोडली की पहिला हुकूम गेला. दुसरा येतच नाही. पंप बंद, इंजिन बंद.

तेव्हा एक तर झडप हलत नाहीये, किंवा तिचा स्विच गेलाय, किंवा फिल्टर आणि इंजिन यांच्यामधली रबरी नळी निसटली आहे आणि हवा मीटरला वळसा घालून आत जातेय. तपासायचं असं: तो एफ-पीचा तुकडा काढून टाका. फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडा, किल्ली ऑन करा, बोटाने झडप हळूच आत ढकला. मागे पंप गुणगुणला तर स्विच चांगला.

एक खबरदारी. १९९४ पासूनच्या १.८ मध्ये ही झडप नाही, तिथे तापलेल्या तारेचा मीटर आहे. तसल्या गाडीवाल्यांनी हे वाचून उगीच डबा उघडू नये.

---

टॉर्करेंच | मंगळवार, १५ एप्रिल, सकाळी ७:००

बोल्टवाली ताई, मान गए. आमच्याकडे जुन्या परदेशी गाड्यांत अशी झडप पाहिली होती, पण पंपाचा स्विच तिच्यात असतो हे लक्षात नव्हतं. वहीत लिहून ठेवलं.

---

उत्तरवारा | मंगळवार, १५ एप्रिल, संध्याकाळी ६:५५

सापडलं. अजून काही हलवलेलं नाही, आधी लिहितोय.

झाकणाच्या क्लिपा काढल्या आणि झाकण उचललं तर आत घर. कागदी फिल्टरच्या एका कोपऱ्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक, कडा दातांनी कुरतडलेल्या, बारीक झालरीसारख्या. फिल्टरच्या वर कापसाचा मोठा गोळा. नीट पाहिलं तर कापूस नव्हे. बॉनेटच्या आतल्या आवाज दाबणाऱ्या अस्तराचे धागे, माझ्या कव्हरच्या आतली मऊ लव आणि टिश्यूपेपरच्या पट्ट्या, एकावर एक गुंडाळलेल्या. मधोमध मुठीएवढी पोकळी. आत कोणी नव्हतं.

आणि सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. पसाभर तरी असतील. पक्ष्यांसाठी आणलेलं बियांचं पोतं मी हिवाळाभर गाडीपासून सहा फुटांवर ठेवलं होतं.

टॉर्च मारून झडपेकडे पाहिलं. खालच्या कडेला झडप आणि भिंत यांच्या फटीत न सोललेल्या दोन बिया पाचरीसारख्या उभ्या बसल्या आहेत. वरून काळ्या पांढऱ्या रेघा स्पष्ट दिसतात. बोटाने झडप दाबून पाहिली, जागची हलत नाही.

आता व्हॅक्यूम क्लिनर लावून सगळं ओढून घेतो.

---

शुश्रूषा | मंगळवार, १५ एप्रिल, संध्याकाळी ७:०२

थांबा! व्हॅक्यूम लावू नका. हवेचा झोत मारू नका आणि कोरडं झाडूही नका.

मी मिनेसोटातच नर्स आहे. इथल्या गॅरेजात जे हरणरंगी, पांढऱ्या पोटाचे उंदीर शिरतात त्यांच्या विष्ठेतून आणि मूत्रातून हंटाव्हायरस पसरू शकतो. लागण क्वचित होते, पण फुप्फुसांना झाली तर जिवावर बेतते. धूळ उडाली की ती श्वासातून आत जाते. म्हणून ती उडूच द्यायची नाही.

दार उघडून अर्धा तास हवा खेळू द्या. रबरी हातमोजे आणि चांगला मास्क घाला. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण करा. घरटं आणि फिल्टर त्याने चिंब भिजवून पाच मिनिटं राहू द्या, मग ओल्या कागदाने उचलून दुहेरी पिशवीत बांधा. लेकीला तेवढा वेळ घरात पाठवा. शेवटी मोजे घातलेले हातही धुवा, मग मोजे काढा.

---

बोल्टवाली | मंगळवार, १५ एप्रिल, संध्याकाळी ७:२०

शुश्रूषा ताईंचं तंतोतंत करा, फक्त मीटरवर थेट फवारा मारू नका. आत विजेचे नाजूक संपर्क आहेत. घरटं फिल्टरसकट डब्यातून उचलून बाहेर नेऊन भिजवता आलं तर उत्तम, पण ते उचलताना जरा ओलं करूनच. झडपेची बाजू पिळलेल्या फडक्याने पुसा. बिया चिमट्याने काढा, झडप जबरदस्तीने ढकलू नका, नाहीतर कड वाकेल. तेल किंवा वंगण अजिबात नको.

---

उत्तरवारा | बुधवार, १६ एप्रिल, रात्री ९:१५

वेळेवर लिहिलंत. व्हॅक्यूमची नळी हातात होती, फोन वाजला म्हणून पाहिलं.

तसंच केलं. हळूहळू भिजवत, उचलत, पुसत दोन तास गेले. बिया बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने काढल्या. पहिली सहज निघाली. दुसरी निघताना झडप आपसूक टक् करून मिटली, तो आवाज अजून कानात आहे. मग बोटाने ढकलली तर लोण्यासारखी फिरली आणि स्प्रिंगने परत आली. किल्ली ऑन करून पुन्हा ढकलली, मागे पंप गुणगुणला. बोट काढलं, शांत. लेकीने स्वतः चार वेळा करून पाहिलं.

नवा फिल्टर आज संध्याकाळी आणला. उंदराने वायरीही खाल्ल्या असतील म्हणून इंजिनावरची सगळी वायरिंग टॉर्चने बोटं फिरवत तपासली. एका जागी वरचं प्लास्टिक ओरखडलं आहे, आतली तार शाबूत. तिथे कापडी टेप गुंडाळली. हीटरच्या हवेच्या वाटाही पाहिल्या, स्वच्छ आहेत.

पावणेआठला किल्ली लेकीच्या हातात दिली. क्लच पूर्ण दाबलेला, गिअर न्यूट्रलला, पाय अॅक्सिलरेटरपासून दूर. तिने किल्ली फिरवली, इंजिनाने घेतलं, तिने किल्ली सोडली, आणि गाडी चालूच राहिली. आम्ही दोघं काही बोललोच नाही. पहिली पाच मिनिटं इंजिनाच्या हेडमधून टिकटिक टिकटिक येत होती. पाच महिन्यांत इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या लिफ्टरमधलं ऑइल खाली उतरलेलं असतं, ते वर पोचेपर्यंत ही गाडी अशीच बोलते. ऑइल प्रेशरचा काटा वर होता म्हणून काळजी नव्हती. मग टिकटिक एकेक करत विरत गेली आणि एक्झॉस्टमधून पांढरी वाफ येऊन तीही थांबली.

डिपस्टिकला पेट्रोलचा वास आहे, तेव्हा शनिवारी ऑइल बदलतो.

४०० डॉलरचं सामान कार्टमधून काढून टाकलं. खर्च झाला बॅटरीचा आणि फिल्टरचा.

---

नेकारकाठ | गुरुवार, १७ एप्रिल, दुपारी १२:५०

वाचून डोळ्यांत पाणी आलं, खरंच. लेकीला माझ्याकडून शाबासकी द्या.

एक विचारते. मी हिवाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा दहा मिनिटं गाडी जागेवर सुरू ठेवायचे. काही जण म्हणतात चांगलं, काही म्हणतात वाईट. तसं केलं असतं तर हा उंदीर लवकर कळला असता ना?

---

बोल्टवाली | गुरुवार, १७ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

कळला असता, पण त्यासाठी इंजिन सुरू करायची गरज नाही. महिन्याला एकदा बॉनेट आणि फिल्टरचा डबा उघडून बघितला तरी पुरे.

इंजिनात पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. दहा मिनिटांत ऑइल आणि एक्झॉस्ट इतके तापत नाहीत की ते पाणी उडून जावं. ते ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचतं आणि आतून गंज धरतो. चालवायची तर अर्धा-पाऊण तास रस्त्यावर चालवा, नाहीतर शांत झोपू द्या. उणे २५ मध्ये थंडगार इंजिन उगीच उठवण्यात काही फायदा नाही, ती फक्त झीज आहे.

---

सह्यकडा | गुरुवार, १७ एप्रिल, रात्री ९:००

पुण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी तीन गाड्यांच्या वायरी खाल्ल्या आहेत. लोक बॉनेटखाली तंबाखूच्या पानांच्या पुरचुंड्या बांधतात, कोणी डांबरगोळ्या ठेवतात. मी दोन्ही करून पाहिलं. पंधरा दिवस वास असतो तोवर उंदीर फिरकत नाही, मग तंबाखू वाळते आणि तो तिच्या शेजारीच बसून वायर खातो. तुम्ही काय करणार आहात?

---

टॉर्करेंच | शुक्रवार, १८ एप्रिल, सकाळी ७:१०

सह्यकडाचं बरोबर आहे. माझ्याकडे पावसाळ्यात दर आठवड्याला एक तरी गाडी वायर कुरतडलेली येते, आणि त्यांतल्या कितीतरी गाड्यांत पुरचुंडी बांधलेली असते. उंदीर दोन गोष्टींसाठी येतो, ऊब आणि खाणं. रोज वापरातल्या गाडीच्या इंजिनाची ऊब आपण काढू शकत नाही. खाणं काढू शकतो. गाडीत बिस्किटाचा पुडा नको, पार्किंगमध्ये धान्याचं पोतं नको, कचऱ्याचा डबा गाडीला चिकटून नको. आणि गाडी आठवड्यात दोनदा तरी हलवा. हलत्या गाडीत तो घर करत नाही.

---

उत्तरवारा | शनिवार, १९ एप्रिल, दुपारी ४:३०

बियांचं पोतं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात गेलं, आणि डबा गॅरेजबाहेरच्या शेडमध्ये. गॅरेजच्या मोठ्या दाराखालचं रबर एका कोपऱ्यात झिजून बोटभर फट पडली होती, बहुधा तिथूनच आला. ते नवं बसवलं.

फिल्टरच्या डब्यात हवा जिथून शिरते त्या तोंडावर लोखंडी जाळी कापून बसवली आहे, ती कायमची राहील. एक्झॉस्टच्या तोंडात हिवाळ्यापुरता स्टील वूलचा बोळा घालीन आणि त्याची आठवण म्हणून स्टिअरिंगला लाल फीत बांधीन, म्हणजे एप्रिलमध्ये बोळा आत ठेवून कोणी सेल मारणार नाही. चार्जरचं सॉकेट बदललं, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी ते तपासायचं हे लेकीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नोव्हेंबर ते मार्च लिहून टाकलंय. कॅलेंडर डिसेंबरला संपतं, म्हणून पुढचे महिने मागच्या बाजूला लिहिलेत.

ऑइल बदललं. सकाळी शाळेच्या रिकाम्या मैदानात गेलो. ब्रेकच्या चकत्यांवर गंज चढला होता, पहिल्या पाच-सहा ब्रेकला खरखर झाली, मग साफ. लेकीने इंजिन अकरा वेळा बंद पाडलं. बाराव्या वेळी क्लच कुठे धरतो ते तिच्या पायाला कळलं आणि आम्ही मैदानाला सलग चार फेऱ्या मारल्या, छत उघडं ठेवून, आठ अंश तापमानात, हीटर पूर्ण लावून.

---

सह्यकडा | शनिवार, १९ एप्रिल, रात्री १०:०५

जाळीची भोकं केवढी ठेवलीत?

---

उत्तरवारा | शनिवार, १९ एप्रिल, रात्री १०:२०

पाव इंची. अर्ध्या इंचातून लहान उंदीर सहज जातो.

---

टॉर्करेंच | रविवार, २० एप्रिल, सकाळी ६:४५

अकरा वेळा बंद पाडली म्हणजे क्लचला बराच व्यायाम झाला. खाली गिअरबॉक्सच्या बाजूला पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा स्लेव्ह सिलिंडर असेल, त्याचं रबरी बूट (आवरण) उचलून बघा. जुन्या गाडीत बरेच महिने उभं राहिल्यावर त्याचं सील गळायला लागतं आणि पेडल एक दिवस तळाला जाऊन बसतं. ओलं असेल तर लेकीला रस्त्यावर नेण्याआधी बदला.

---

उत्तरवारा | रविवार, २० एप्रिल, संध्याकाळी ५:५०

आत्ताच गाडी जॅकस्टँडवर घेऊन पाहिलं. बूटाच्या आत बोट फिरवलं तर थोडं ओलं लागलं, आणि क्लचच्या छोट्या टाकीतलं फ्लुइडही खुणेच्या जरा खाली आहे. स्लेव्ह मागवलाय, गुरुवारी येतोय. तोवर लेकीला सांगितलंय की गाडी गॅरेजमध्येच. ती म्हणते बसवायचं काम मी करणार, तुम्ही फक्त पाना द्या.